चौदाचा बोल्ट

मिस्त्रींच्या गॅरेजात काम करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत कोणी नावानं हाक मारत नसे. लग्न करून तो सासऱ्यांच्या घरी राहायला आला, तेव्हापासून सगळे त्याला जावईच म्हणत. टायरवाला म्हणे, समोरचा इस्त्रीवाला म्हणे, गाडी दाखवायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा शटरखाली वाकून विचारी, "जावई आहेत का?" एरवी जावई म्हटला की त्याच्यापुढे खुर्ची सरकवतात, त्याच्या ताटात आधी वाढतात. याच्या वाट्याला त्यातलं फक्त नाव आलं होतं. बाकी सकाळी शटर वर करण्यापासून संध्याकाळी फरशीवरचं तेल भुशानं टिपण्यापर्यंत सगळं त्याच्याच अंगावर होतं.

मिस्त्री म्हणजे त्याचे सासरे. त्यांचा उभा जन्म या गॅरेजात गेला होता. गाडीच्या पोटाखाली उभं राहून काम करता यावं म्हणून मधोमध जो खोल खड्डा होता, तोही त्यांनी तरुणपणी स्वतः खणला होता. आता त्यांच्या हातांना कंप सुटला होता. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी चहा बशीत उतरायचा. जिभेला मात्र कंप नव्हता. दाराशी खुर्ची टाकून ते बसत आणि जावयाच्या प्रत्येक कामावर शेरा मारत. "जावईबापू, पाना आहे तो. चमचा नाही." अहो-जाहो करून बोलत, त्यामुळे ते जास्तच लागे.

जावयाला यातून सुटायचं होतं. दुसऱ्या गावच्या बस डेपोत त्यानं गुपचूप प्रयत्न केले होते आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये त्याला काम मिळालं होतं. बायकोला त्यानं सांगितलं, तेव्हा ती उशीला अभ्रा चढवत होती. "बरं," एवढंच ती म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राही. औषधांची दुकानं काय, कुठल्याही गावात असतात, असं म्हणून त्यानं तिचा होकार धरून टाकला. राहता राहिले मिस्त्री. त्यांच्यापुढे विषय काढायला त्याची जीभ उचलत नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करता करता जाण्याचे दिवस तोंडावर आले. शेवटी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवताना सांगायचंच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. तोवर सकाळ खायला उठली होती, म्हणून अर्धं शटर वर करून तो खड्ड्यात उतरला.

खड्ड्यावर भाड्यानं चालणारी एक जुनी गाडी उभी होती. तिचा स्टार्टर, म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, जळला होता. काम तसं रोजचंच. तीन बोल्ट काढायचे, जुना स्टार्टर खाली घ्यायचा, नवा चढवायचा. दोन बोल्ट सरळ निघाले. तिसरा सर्वांत खालचा, चौदाचा, म्हणजे चौदा नंबरचा पाना लागणारा. वर्षानुवर्षं पावसाचं आणि रस्त्याचं पाणी खाऊन इंजिनाशी एकजीव झालेला. जावयानं डाव्या हातानं स्टार्टर खालून तोलून धरला आणि उजव्या हातानं पाना लावला. पाना घसरला. बोल्टाच्या डोक्याचा एक कोपरा गेला.

इथं थांबायला हवं होतं. गंजावर तेल सोडायचं, बाहेर जाऊन चहा प्यायचा, मग पुन्हा बघायचं, हे कुठल्याही मेकॅनिकला कळतं. पण त्याच्या डोक्यात बोल्ट नव्हताच, दुपारचं जेवण होतं. त्यानं पान्याच्या दांड्यात पाइप घातला आणि सगळा राग त्या पाइपवर लोटला. उरलेले कोपरेही गेले. पाना सटकला, पाइप उसळून स्टार्टरवर आदळला आणि एकाच बोल्टावर लटकलेला तो जड लोखंडी गोळा दाराच्या फळीसारखा गर्रकन फिरला. त्याच्या मागे आडवा लोखंडी बीम होता. दोन्हींच्या मध्ये जावयाचा डावा पंजा होता.

ओरडायलाही त्याला जरा वेळ लागला. आधी त्यानं हात ओढून पाहिला. मग उजव्या हातानं स्टार्टर परत वर ढकलून पाहिला. तो हलेना. खड्ड्यातल्या पहारीचं टोक घालायला फट नव्हती, आणि जिथं होती तिथून रेटलं की स्टार्टर उलटा पंजावरच बसत होता. खड्ड्यात तो उभा होता, डावा हात डोक्याच्या वर गाडीच्या पोटात गेलेला. खाली बसता येईना, वळता येईना. वर्गात उत्तर न येताच हात वर करून बसलेल्या पोरासारखी त्याची गत झाली होती.

"बाबा," त्यानं हाक मारली. मग मोठ्यानं, "बाबा, जरा इकडे या."

घर गॅरेजच्या मागेच होतं. मिस्त्री चपला ओढत आले आणि खड्ड्याच्या काठाशी वाकले.

"बोटं हलतात?" त्यांनी विचारलं.

"अंगठा हलतो. बाकीची कळत नाहीत."

शेरा आला नाही. मिस्त्री भिंतीला धरून एकेक पायरी उतरले, बॅटरीचा उजेड वर टाकला आणि बोल्टाचं डोकं बघितलं. ते सुपारीसारखं गुळगुळीत झालं होतं.

"हा बोल्ट सुटला की स्टार्टर खाली येतो आणि हात मोकळा," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

"गरम करून?"

"डोक्यावर पेट्रोलची नळी आहे. आणि लोखंड तापलं की तुमची बोटं भाजतील. नाही."

त्यांनी आधी गंजावर तेल सोडलं. मग तेराची गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पान्याचा तुकडा, घेतली. चौदाचा बोल्ट गोल झाला की तेराची गोटी हातोड्यानं ठोकून त्याच्यावर बसवतात. ती त्या डोक्यात रुतते आणि मग फिरवता येते. जावयानं हे शेकडो वेळा केलं होतं, आणि ते शिकवलंही मिस्त्रींनीच होतं. मिस्त्रींनी गोटी बोल्टावर टेकवली. ती तिथं थांबेना. त्यांच्या हाताबरोबर तीही थरथरत होती. त्यांनी मनगट बीमला टेकवलं, श्वास रोखला आणि हातोडा मारला. घाव गोटीवरून घसरून जावयाच्या मनगटावर बसला.

त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यानं दात आवळले आणि म्हणाला, "मारा. परत मारा."

मिस्त्रींनी हातोडा उचलला, पण मारला नाही. हात खाली आला. त्या चिंचोळ्या खड्ड्यात दोघे जण छातीला छाती लागेल इतके जवळ उभे होते. इतकी वर्षं एका घरात राहून जावयानं त्यांचा चेहरा एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. कपाळावरचा घाम त्यांच्या भुवयांतून डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायलाही त्यांचा हात धड जात नव्हता.

"माझ्याच्यानं नाही होणार," ते म्हणाले.

जावयाला त्यांची दया आली आणि त्याच वेळी भीतीही वाटली. वर अर्धं शटर, बाहेर बंद बाजार, सगळी गल्ली सुट्टीवर. आणि या माणसाला सोडून जायचं आपण आज जेवताना सांगणार होतो. ते आता मनात ठेवणं त्याला जमेना.

"बाबा, मला तुमच्याशी बोलायचं होतं. मी डेपोत..."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या त्या डेपोतला फोरमन माझ्या हाताखाली शिकलाय. त्यानं मला फोन केला होता, माणूस कसा आहे म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, घ्या. हात चांगला आहे." ते पायऱ्यांकडे वळले. "छोटीला बोलावतो."

छोटी म्हणजे जावयाची बायको, त्यांची एकुलती एक मुलगी. ती धुण्याच्या बादलीवरून तशीच उठून आली, ओल्या हातांनी. काठावरून तिनं नवऱ्याचा हात पाहिला आणि आधी फोन लावला. अग्निशमनवाल्यांची गाडी गावाबाहेर पुठ्ठ्याच्या गोदामाला लागलेल्या आगीवर गेली होती. ती मोकळी झाली की येईल, असं त्यांनी सांगितलं. कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"बोटांचा रंग कसा आहे?" तिनं वरून विचारलं.

"दिसत नाहीत," जावई म्हणाला.

ती खाली उतरली. बॅटरी घेऊन तिनं टाचा उंचावल्या आणि फटीतून पाहिलं. "काळीनिळी पडायला लागलीत," ती म्हणाली. दुकानात गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगते, त्याच सुरात. मग वडिलांकडे मान वर करून म्हणाली, "बाबा, लहान कानस द्या. ती त्रिकोणी नको, चपटी. आणि ग्रिप पक्कड."

जावई दुखणं विसरून तिच्याकडे बघत राहिला. ती गॅरेजात येई ती चहा द्यायला, तेही दारापर्यंत. कपड्यांना तेल लागेल म्हणून ती आत येत नाही, अशी त्याची समजूत होती.

"तुला काय येतंय यातलं?" तो म्हणाला. "बाबा, टायरवाल्याच्या घरी कोणी आहे का बघा. ती कशाला..."

"तिला करू द्या," मिस्त्री वरून म्हणाले.

तिनं ओढणी कमरेला आवळून बांधली, बोल्टावरचं तेल बोटानं पुसून त्याचं डोकं चाचपलं. "गोटी बसेल एवढं मांस उरलेलं नाही याच्यावर," ती म्हणाली.

"मग छिन्नी घे," मिस्त्री म्हणाले. "कडेला लाव आणि उलट्या अंगानं मार."

"नाही बाबा. छिन्नीचा एकेक घाव यांच्या बोटांवर जाईल. मी दोन बाजू कापून घेते."

त्यांना कोणी असं परतवून लावलेलं जावयानं कधी ऐकलं नव्हतं.

तिनं कानस लावली. एका बाजूनं घासायची, मग बरोबर समोरच्या बाजूनं, म्हणजे पकडीला धरायला दोन सपाट अंगं तयार होतील. लोखंडाचा कीस जावयाच्या तोंडावर पडत होता. कानशीची प्रत्येक ओढ त्याला खांद्यापर्यंत जाणवत होती. हाताचं दुखणं आता थांबलं होतं, आणि ते थांबलं याचीच त्याला जास्त भीती वाटत होती. गुडघे वाकले की सगळा भार त्या अडकलेल्या पंजावर यायचा.

"मला बसावंसं वाटतंय," तो म्हणाला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "पाठ लाव भिंतीला. माझ्या गुडघ्यावर पाय टेक हवा तर. पण हलू नकोस."

लग्नापासून ती त्याला अहो म्हणत आली होती. त्यानं मुकाट्यानं पाठ भिंतीला लावली.

"कानस कुठं शिकलीस?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"इथंच. शाळा सुटली की इथंच असायचे मी. ब्रेकचं तेल मी एकटी भरायचे. बाबांचं पोट आडवं यायचं, त्यामुळे खड्ड्यात मीच उतरायचे."

"मला कधी बोलली नाहीस."

ती घासत राहिली. वरून मिस्त्रीच म्हणाले, "मी सांगितलं होतं तिला. तुमचं ठरलं तेव्हा. म्हटलं, आता जावई येतोय, तो गॅरेज बघेल. बायकोच्या हातात पाना बघून लोक त्याला हसतील. तुमचा मान राहावा म्हणून."

"माझा मान," जावई म्हणाला.

हसू यावं अशीच गोष्ट होती, पण हसायला तिघांपैकी कुणाच्याही अंगात त्राण नव्हतं.

तिनं पकडीचा स्क्रू आवळून जबडा त्या दोन सपाट बाजूंवर बसवला आणि दांडा दाबला. कट्कन आवाज होऊन पकड लागली. जावयाला वाटलं, आता ती उलटी ओढेल. तिनं उलटी नाही, सुलटी ओढली.

"आवळतेयस," तो घाबरून म्हणाला. "अगं, आवळतेयस तू."

"कळतंय मला. आधी केसभर आवळायचा. त्यानं गंज तडकतो."

त्यालाही हे माहीत होतं. भीतीनं तो माहीत असलेलं सगळं विसरला होता. ती दोन्ही हातांनी पकडीला लोंबकळली. काही झालं नाही. तिनं पुन्हा तेल सोडलं, थांबली, हात ओढणीला पुसले. पुन्हा लोंबकळली. या वेळी पकड घसरली आणि तिच्या बोटांची सालटी निघाली. तिनं बोटं तोंडात घातली, बोल्टाकडे रागानं पाहिलं आणि कानस परत उचलली.

जावयाला वाटलं की हे असंच चालणार. अग्निशमनवाले येतील ते गाडी कापतील, नाहीतर हात कापतील. त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला डेपो दिसेना, वर्कशॉप दिसेना, भाड्यानं घ्यायची ती खोलीही दिसेना. फक्त एवढंसं उजेडाचं भोक आणि त्यात घासणारा एक हात दिसत होता.

मग एक आवाज आला. बारीक, कोरडा, वाळलेली काटकी मोडावी तसा. मिस्त्रींनी तो वरून ऐकला.

"सुटला," ते म्हणाले. "आता उलटा. सावकाश. छोटे, सावकाश."

"खांदा देते खाली," ती म्हणाली.

तिनं बोल्ट थोडाथोडा उलटा फिरवला, आणि शेवटच्या आट्यांना स्वतःचा खांदा स्टार्टरखाली लावला. बोल्ट निघाला तसा तो सगळा जड गोळा तिच्या खांद्यावर आला. ती गुडघ्यांत वाकली, पण तिनं तो सोडला नाही. जावयाचा हात फटीतून आपोआप खाली पडला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्यानं तो पोटाशी धरला आणि खड्ड्यात मटकन खाली बसला. एवढा वेळ थांबलेलं दुखणं मग एकदम आलं. तो लहान मुलासारखा रडला, आणि बायकोनं स्टार्टर जमिनीवर ठेवून त्याचं डोकं आपल्या तेलकट कुशीत घेतलं. मिस्त्री तोंड फिरवून शटरकडे बघत उभे राहिले.

तीन बोटं मोडली होती. दवाखान्यात प्लास्टर घातलं. परत आले तेव्हा गाडीचा चालक दाराशी उभा होता, गाडी उद्या तरी मिळेल का विचारत. "मिळेल," छोटी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं औषधांच्या दुकानात रजा टाकली आणि नवा स्टार्टर स्वतः चढवला. मिस्त्रींनी खुर्ची दारातून उचलून खड्ड्याच्या काठाशी आणली. ते सूचना देत, ती निम्म्या ऐके आणि निम्म्या परतवून लावी. पहिल्या आठवड्यात गल्लीतले लोक कारण काढून बघायला येत. कोणी हसलं नाही. टायरवाला एवढंच म्हणाला, "मिस्त्री, इतके दिवस लपवून ठेवलेलं का हे?"

जावई हात गळ्यात बांधून घरात बसला. गॅरेजातले आवाज भिंतीपलीकडून येत. ती शीळ घालत काम करते, हेही त्याला तेव्हाच कळलं. ती आनंदात होती. त्याला ते बघवतही होतं आणि बघवतही नव्हतं. आता तिला सोबत चल म्हणायचं कुठल्या तोंडानं? आणि तसं म्हणायचं नाही, तर स्वतः इथं राहायचं कोण म्हणून?

प्लास्टर निघाल्यावर एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "मी डेपोचं सांगितलं, तेव्हा तू बरं म्हणालीस. मनापासून म्हणालीस?"

"तेव्हा इथं काय आणि तिथं काय, मला सारखंच होतं," ती म्हणाली. "काउंटर इथंही होतं, तिथंही असतं."

"आणि आता?"

ती नखांतलं काळं खरवडत बसली.

डेपोनं जागा धरून ठेवली होती. फोरमननं शब्द पाळला. जावई एकटाच गेला. तिथं त्याला सगळे त्याच्या नावानं हाक मारतात. पहिले काही दिवस हाक ऐकून त्याला मान वळवायचंही भान राहत नसे. मोडलेल्या बोटांपैकी दोन पुरती वळत नाहीत, पण काम अडत नाही. दर सुट्टीला तो बसनं घरी येतो. मिस्त्री त्याला खुर्ची देतात, त्याच्या ताटात आधी वाढायला लावतात आणि डेपोतल्या इंजिनांबद्दल खोदून खोदून विचारतात. पान्याला हात लावायला गेला तर म्हणतात, "राहू द्या, पाहुण्यानं काम करायचं नसतं." तो मग हात मागे बांधून काठावर उभा राहतो.

मागच्या खेपेला छोटी त्याला बसपर्यंत पोचवायला गेली होती. बस लागलेली होती, चालक अजून यायचा होता. दोघं खिडकीशी, तो आत, ती बाहेर.

"तिकडे खोली मोठी मिळतेय एक," तो म्हणाला. "दोघांना पुरेल."

"मोठी घेऊ नकोस," ती म्हणाली. "उगीच भाडं जाईल."

"म्हणजे येणार नाहीस."

"बाबा आहेत तोवर तरी नाही. आणि नंतरचं मला माहीत नाही, खरंच माहीत नाही. तू परत येशील?"

त्यानं खिडकीच्या गजावर हात ठेवला, न वळणारी दोन बोटं सरळ बाहेर आली. परत यायचं तर आता बायकोच्या हाताखाली काम करायचं. त्यात त्याला कमीपणा वाटत होता का, याचा तो बसमध्ये दर वेळी विचार करी आणि उत्तर दर वेळी वेगळं येई.

"सुट्टीला येईन," तो म्हणाला.

चालक चढला, इंजिन सुरू झालं. तिनं कान देऊन ऐकलं. "इंजिनाचा पट्टा सैल आहे हिच्या," ती म्हणाली. "सांग चालकाला."

"सांगतो," तो म्हणाला, आणि बस मागे सरकू लागली तशी ती बाजूला झाली.